ऐकण्याची परीक्षा : बीड जिल्हा आणि इंग्रजी भाषा

भाषा ही मुळांत कानाची वस्तु आहे. मूल प्रथम ऐकतें, मग बोलतें, आणि बऱ्याच काळानें वाचावयास व लिहावयास शिकतें. हा निसर्गाचा क्रम होय. परंतु हिंदुस्थानांत इंग्रजी भाषेचें शिक्षण सुरू झालें तें बहुतांशीं या क्रमाच्या उलट दिशेनें. येथें इंग्रजी प्रथम कागदावर आली. डोळ्यांनीं ती ओळखली, हातानें ती लिहिली, आणि कानाचा प्रवेश अगदीं शेवटीं, तोही झाला तर झाला, अशी स्थिति राहिली. या उलट्या क्रमाची किंमत किती आहे, हें आज एका परीक्षेनें उघड केलें आहे.

परदेशांतील विद्यापीठांत प्रवेश मिळविण्याकरितां, किंवा तेथें परिचारिका अथवा वैद्य म्हणून काम करण्याकरितां, इंग्रजीच्या ज्या परीक्षा द्याव्या लागतात, त्यांपैकीं ‘आयईएलटीएस’ या आद्याक्षरांनीं ओळखली जाणारी परीक्षा विशेष प्रसिद्ध आहे. वाचन, लेखन, संभाषण आणि श्रवण असे तिचे चार विभाग असतात. श्रवणाच्या विभागांत सुमारें ३० मिनिटें ध्वनिमुद्रण ऐकविलें जातें. त्याचे चार भाग असून एकंदर ४० प्रश्न असतात. कोठें दोघांचें व्यवहाराचें बोलणें, कोठें एखाद्या संस्थेची माहिती, कोठें विद्यार्थ्यांची चर्चा, आणि शेवटीं विद्यापीठांतील व्याख्यान, असा तो चढता क्रम असतो. बोलणारे कधीं इंग्लंडचे, कधीं ऑस्ट्रेलियाचे, कधीं अमेरिकेचे. आणि मुख्य अट ही कीं, ध्वनिमुद्रण एकदांच ऐकावयास मिळतें. पुस्तकाचें पान मागें उलटतां येतें. कानावरून गेलेला शब्द परत येत नाहीं.

बीड, अंबाजोगाई, परळी किंवा गेवराई येथील एखादा हुशार तरुण या परीक्षेस बसतो, तेव्हां वाचनाचा उतारा त्यास फारसा जड जात नाहीं. पुष्कळदां तो अडतो तो ऐकण्यांत. मग त्यास वाटतें कीं, आपली बुद्धि कमी पडली, अथवा आपलें इंग्रजीच कच्चें राहिलें. हा समज खरा नाहीं. त्याच्या अडचणीस सुमारें दीडशें वर्षांचा इतिहास आहे, आणि तो समजून घेतला तर अडचणीचें अर्धें ओझें उतरतें.

मुंबई विद्यापीठ १८५७ सालीं स्थापन झालें, आणि त्याची पहिली प्रवेशपरीक्षा १८५९ सालीं झाली. महादेव गोविंद रानडे व रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे त्या पहिल्या परीक्षेंत उत्तीर्ण झालेल्यांपैकीं होते. या विद्यापीठानें इंग्रजीचें जें वळण घालून दिलें तें लेखी परीक्षेचें. निबंध, व्याकरण, उताऱ्यावरील प्रश्न आणि भाषांतर यांवर विद्यार्थ्याची योग्यता ठरूं लागली. मराठी घरांतून पिढ्यान् पिढ्या गाजलेली तर्खडकरांची भाषांतर पाठमाला ही याच वळणाची उत्तम खूण होय. तिनें हजारों मराठी माणसांस शुद्ध इंग्रजी वाक्य लिहावयास शिकविलें. मात्र ती शिकवण पानावरची होती. साहेबाचें बोलणें कानीं पडलें म्हणजे काय करावें, हें सांगण्याचा तिचा विषय नव्हता.

तरीही इंग्रजी मुलुखांत कानास थोडीबहुत संधि होती. अहमदनगर, म्हणजे आजचें अहिल्यानगर, येथें अमेरिकन मिशनचें काम १८३१ सालीं सुरू झालें, आणि तेथील शाळांतून ज्यांची मातृभाषाच इंग्रजी अशा शिक्षकांचा आवाज ऐकूं येत असे. पुणें-मुंबईकडे कचेऱ्या, न्यायालयें, छावण्या व महाविद्यालयें यांतून इंग्रजी बोलणें चालत होतें. परंतु नगर जिल्ह्याची हद्द ओलांडून सीना नदीच्या पूर्वेस आष्टीकडे आलें कीं राज्यच बदलत असे. बीड जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानांत, औरंगाबाद सुभ्यांत मोडत होता, आणि तेथील भाषेचा हिशेब निराळा होता.

हैदराबाद संस्थानाच्या राज्यकारभारांत फारसीची जागा १८८४ च्या सुमारास उर्दूनें घेतली. पुढें १९१७ सालीं उस्मानिया विद्यापीठाचें फर्मान निघालें, त्याच सुमारास पाश्चात्य ग्रंथ उर्दूंत आणण्याकरितां भाषांतर विभाग उघडण्यांत आला, आणि १९१८ सालीं विद्यापीठाची स्थापना झाली. आधुनिक शास्त्रें एका देशी भाषेंतून उच्च पायरीपर्यंत शिकविण्याचा तो मोठा प्रयोग होता, हें मोकळ्या मनानें मान्य केलें पाहिजे. परंतु ती देशी भाषा मराठवाड्याची देशी भाषा नव्हती. घरीं मराठी, शाळेंत उर्दू, आणि अभ्यासक्रमांत इंग्रजी हा आवश्यक विषय, अशी तिहेरी व्यवस्था बीडच्या मुलाच्या वांट्यास आली. औरंगाबादेस १९२३ सालीं इंटरमीजिएट कॉलेज निघालें, तेंही याच व्यवस्थेचा भाग होतें.

येथें एक गोष्ट बारकाईनें पाहण्यासारखी आहे. या दोन्ही परक्या भाषांपैकीं उर्दू मुलास फार लवकर कळूं लागे. ती बाजारांत, तहसिलींत, चावडीवर आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या तोंडून रोज कानावर पडे; पुस्तकांत तिचें अक्षर ओळखण्यापूर्वींच तिचा ध्वनि ओळखीचा झालेला असे. इंग्रजीचें तसें नव्हतें. ती फक्त तासापुरती आणि तीही धड्याच्या रूपानें भेटे. शिक्षक वाक्य वाचीत आणि त्याचा अर्थ दुसऱ्या भाषेंत सांगत. विद्यार्थी अर्थाकडे कान देई. मूळ ध्वनि तसाच वाहून जाई. म्हणजे ज्या मुलाचा कान उर्दूकरितां तीक्ष्ण झाला, त्याचाच कान इंग्रजीकरितां कोरा राहिला. दोष कानाचा नव्हता. त्यास मिळालेल्या खाद्याचा होता.

संस्थानांतील मराठी भाषिकांनीं आपल्या भाषेकरितां खाजगी शाळा चालविल्या. त्यांत अंबाजोगाईच्या, म्हणजे त्या काळच्या मोमिनाबादच्या, योगेश्वरी विद्यालयाचें नांव आदरानें घेतलें जातें. स्वामी रामानंद तीर्थ यांनीं संस्थानच्या राजकीय लढ्यांत उडी घेण्यापूर्वीं, १९३० नंतरच्या दशकांत, या शाळेंत मुख्याध्यापक म्हणून काम केलें. अशा शाळांनीं मातृभाषेचा मान राखला, ही त्यांची मोठी कामगिरी. इंग्रजीच्या बाबतींत मात्र साधनें अपुरीं होतीं, आणि पुस्तक हाच मुख्य आधार होता.

भाषेच्या या अदलाबदलीची कसोटी एकदां फार कठोरपणें लागली. १९३८ सालीं उस्मानिया विद्यापीठाच्या वसतिगृहांत ‘वंदे मातरम्’ म्हटल्यावरून शेंकडों विद्यार्थ्यांवर शिक्षण सोडण्याची पाळी आली. नागपूर विद्यापीठानें त्यांस आश्रय दिला. पुढें भारताचे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंहराव हे त्या विद्यार्थ्यांपैकींच होते. कालपर्यंत ज्यांनीं शास्त्र आणि इतिहास उर्दूंतून ऐकला होता, त्यांस नागपुरास इंग्रजी व्याख्यानें ऐकून टिपणें घ्यावीं लागलीं. आजच्या श्रवणपरीक्षेचा चौथा भाग, म्हणजे एकट्या वक्त्याचें व्याख्यान, हीच ती गोष्ट. फरक एवढाच कीं, त्यांच्यापुढें चाळीस प्रश्नांची पत्रिका नव्हती. पुढें होतें तें सारें शिक्षण.

याच काळांत इंग्रजी कशी शिकवावी यासंबंधीं जगांत दोन मतें मांडलीं जात होतीं. बंगालमध्यें शिक्षणखात्यांत काम करणारे मायकेल वेस्ट यांनीं १९२६ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत असें प्रतिपादन केलें कीं, हिंदी विद्यार्थ्यास इंग्रजीचा उपयोग मुख्यतः ज्ञान मिळविण्याकरितां आहे. म्हणून त्यास प्रथम वाचन शिकवावें. उलट हॅरोल्ड पामर हे १९२२ सालीं जपानांत गेले व तेथें शिक्षणखात्याचे भाषाविषयक सल्लागार झाले. त्यांचा भर तोंडी पद्धतीवर, विशेषतः कानाच्या पूर्वतयारीवर होता. पुष्कळ ऐकल्यावांचून बोलणें पक्व होत नाहीं, असें त्यांचें म्हणणें. हिंदुस्थानच्या गरीब व गर्दीच्या शाळांस वेस्ट यांचा मार्ग सोयीचा होता, आणि त्यांच्या काळीं तो शहाणपणाचाही होता. खेड्यांतील ज्या मुलास उभ्या आयुष्यांत इंग्रज भेटण्याचा संभव नव्हता, त्यास पुस्तक वाचतां येणें हीच मोठी कमाई होती. परंतु काळ बदलला, माणसें दूर देशीं जाऊं लागलीं, आणि जो मार्ग सोयीचा होता तोच अपुरा ठरला.

परीक्षांच्या इतिहासांतही कानाचा प्रवेश हळूहळूच झाला. केंब्रिज विद्यापीठानें परकीयांकरितां इंग्रजी प्रावीण्याची परीक्षा १९१३ सालीं सुरू केली. ती सुमारें १२ तासांची होती आणि पहिल्या वर्षीं तीस अवघे तीन उमेदवार बसले. त्यांपैकीं एकही उत्तीर्ण झाला नाहीं. तीत भाषांतर, निबंध, व्याकरण, वाङ्मय व ध्वनिशास्त्र यांचा भार मोठा होता. ऐकून लिहिण्याचा भाग अर्ध्या तासाचा असे. स्वतंत्र श्रवणविभाग ठळकपणें पुढें आला तो अमेरिकेच्या ‘टोफेल’ परीक्षेंत, १९६४ सालीं. ध्वनिमुद्रणाच्या फिती स्वस्त व सुलभ झाल्यामुळें एकच आवाज हजारों उमेदवारांस ऐकविणें शक्य झालें होतें. ब्रिटिश बाजूनें १९८० सालीं एक नवी परीक्षा निघाली, आणि तिची सुधारलेली आवृत्ति १९८९ सालीं आयईएलटीएस या नांवानें सुरू झाली. म्हणजे श्रवणाची परीक्षा ही विद्येइतकीच यंत्राचीही निर्मिति आहे.

तींच यंत्रें मराठवाड्यांत केव्हां व कशीं आलीं, हेंही पाहिलें पाहिजे. हैदराबादेचें नभोवाणी केंद्र १९३५ सालीं निजाम सरकारनें आपल्या हातीं घेतलें. बी. बी. सी. नें इंग्रजी शिकविणारे कार्यक्रम १९४३ पासून सुरू केले. १७ सप्टेंबर १९४८ रोजीं संस्थान मुक्त झालें; मराठवाडा १९५६ सालीं मुंबई राज्यांत आणि १ मे १९६० रोजीं महाराष्ट्रांत आला. १९५८ सालीं दोन महत्त्वाच्या गोष्टी घडल्या : औरंगाबादेस मराठवाडा विद्यापीठ निघालें, आणि हैदराबादेस इंग्रजीच्या अध्यापनाकरितां केंद्रीय संस्था स्थापन झाली. या संस्थेनें शिक्षकांस ध्वनिशास्त्राचें शिक्षण दिलें. परंतु तोंपर्यंत बीड जिल्ह्याचा हैदराबादशीं राजकीय संबंध तुटला होता, आणि नव्या राज्याच्या शाळांतही इंग्रजी ही लेखी परीक्षेचीच भाषा राहिली. महाराष्ट्रांत सर्व शाळांतून पहिलीपासून इंग्रजी सुरू झाली ती २००० सालीं. वर्षें वाढलीं, पण पद्धति बहुतेक तीच राहिली.

आतां, मराठी कानास इंग्रजी ऐकतांना नेमकी अडचण कोठें येते? पहिली गोष्ट आघाताची. मराठींत बहुतेक अक्षरें बऱ्याच अंशीं सारख्या वजनानें उच्चारलीं जातात. इंग्रजींत एका अक्षरावर जोर पडतो आणि शेजारचीं अक्षरें दबून जातात. ‘फोटोग्राफ’ हा शब्द ओळखणारा मराठी विद्यार्थी ‘फटॉग्रफी’ असा उच्चार ऐकून गोंधळतो. कारण जोराची जागा हलली आणि स्वरच बदलले. दुसरी गोष्ट ऱ्हस्व-दीर्घाची. मराठी माणूस लिहितांना ऱ्हस्व-दीर्घाविषयीं जितका दक्ष असतो तितका बोलतांना नसतो. इंग्रजींत मात्र ‘लिव्ह’ आणि ‘लीव्ह’ यांच्या भेदावर राहणें कीं जाणें हें अवलंबून असतें. तिसरी गोष्ट लहान शब्दांची. ‘कॅन’ हा शब्द वाक्यांत ‘कन’ होतो, आणि ‘कान्ट’ मधील शेवटचा ट पुष्कळदां गिळला जातो. होकार आणि नकार यांतील अंतर केवळ स्वराच्या लांबीवर येऊन ठेपतें.

चौथी गोष्ट आंकड्यांची, आणि ती विशेष मनोरंजक आहे. मराठींत ‘पंचाहत्तर’ म्हणतांना पांच आधीं येतात, सत्तर मागाहून. इंग्रजींत सत्तर आधीं आणि पांच मागाहून. जो विद्यार्थी इंग्रजी संख्या ऐकून मनांतल्या मनांत मराठी करतो आणि मग आंकडा लिहितो, तो एकाच संख्येस दोनदां उलटी करतो. तेवढ्यांत दूरध्वनीचा पुढचा आंकडा निघून जातो. भर म्हणून इंग्रजी बोलणारा शून्यास ‘ओ’ म्हणतो आणि सारखे दोन आंकडे आले तर ‘डबल’ म्हणतो. परीक्षेच्या पहिल्या भागांत नांवें, पत्ते आणि आंकडे हेंच मुख्य असतें. म्हणून जो भाग सर्वांत सोपा समजला जातो त्यांतच गुण गळतात. शिवाय ऐकलेला शब्द बरोबर असूनही त्याचें स्पेलिंग चुकलें तर गुण जातो.

या सर्वांवर उपाय काय? येथें बीड जिल्ह्याच्या दुसऱ्या, अधिक जुन्या इतिहासाकडे वळावें लागतें. ‘विवेकसिंधु’ हा ग्रंथ शके १११० मध्यें लिहिणाऱ्या मुकुंदराजांचें नांव परंपरेनें अंबाजोगाईशीं जोडलें आहे. त्याच गांवीं दासोपंतांनीं (१५५१–१६१५) गीतेवर प्रचंड रचना केली व ४० फुटांच्या सुमारें लांब कापडावर आपला ग्रंथ लिहिला. हे ग्रंथ लिहिले गेले खरे. पण लोकांपर्यंत ते पोचले कानाच्या वाटेनें. ज्यास अक्षर येत नव्हतें असा शेतकरी सप्ताहांत सात दिवस बसून कीर्तन ऐके, अभंगाचें एकेक चरण मनांत धरी, आणि घरीं जाऊन तें सांगे. तेथेंही शब्द एकदांच कानीं पडे, आणि तेथेंही पान मागें उलटण्याची सोय नव्हती.

असा श्रोता इतकें कसें पेली? याचें कारण तो नुसता ऐकत बसत नसे. कीर्तनास कोणता अभंग घेतला आहे हें त्यास आरंभींच कळे, आणि बुवा पुढें कोठें जाणार याचा अदमास त्यास असे. आधीं अदमास आणि मग ऐकणें, हीच श्रवणपरीक्षेचीही गुरुकिल्ली आहे. प्रत्येक भागापूर्वीं प्रश्न वाचण्यास जो थोडा अवधि मिळतो, त्यांत रिकाम्या जागीं नांव येणार, आंकडा येणार कीं वार येणार, हें ठरवून ठेवणारा उमेदवार अर्धें काम आधींच करतो.

आपल्या परंपरेनें ज्ञानाच्या तीन पायऱ्या सांगितल्या आहेत : श्रवण, मनन आणि निदिध्यासन. इंग्रजी कानाच्या तयारीसही त्याच लागू पडतात. प्रथम लहानसा उतारा मजकूर न पाहतां ऐकावा. मग तो वाक्यावाक्यानें थांबवून लिहून काढावा, मूळ मजकुराशीं ताडून पाहावा, आणि कोणता शब्द कानानें सोडला व कां सोडला याचा विचार करावा. शेवटीं तोच उतारा वक्त्याच्या मागोमाग, त्याच्याच जोरानें व त्याच्याच गतीनें, मोठ्यानें म्हणावा. जो ध्वनि स्वतःच्या तोंडून निघाला तो पुढच्या वेळीं कान चुकत नाहीं. संख्या मात्र रोज स्वतंत्रपणें ऐकाव्या, आणि मराठींत न आणतां थेट आंकड्यांत लिहाव्या. रोज अर्धा तास असें कांहीं महिने केलें तर जें व्याकरणाच्या पुस्तकानें साधलें नाहीं तें साधण्याचा संभव फार मोठा आहे.

हा प्रश्न केवळ गुणांचा नाहीं. अंबाजोगाईस स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नांवानें ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय उभें आहे, आणि जिल्ह्यांतील अनेक मुली परिचारिकेचें शिक्षण घेतात. ब्रिटनच्या परिचारिका-मंडळाच्या अलीकडील नियमाप्रमाणें या परीक्षेंत ऐकण्याच्या विभागांत ७ गुण लागतात. म्हणजे ४० पैकीं सुमारें ३० उत्तरें बरोबर यावीं लागतात. दोन-तीन उत्तरें कमी पडलीं तर एखाद्या कुटुंबाचें दोन-तीन वर्षांचें नियोजन बिघडतें, आणि परीक्षेचें भारी शुल्क पुन्हां भरावें लागतें. याच जिल्ह्यांतून दर वर्षीं दिवाळीच्या सुमारास हजारों जोडपीं ऊसतोडीस बाहेर पडतात. त्यांच्यामागें जाणाऱ्या मुलांची शाळाच तुटते, मग इंग्रजी ऐकण्याची गोष्ट दूर. शहरांतील मुलाच्या कानावर लहानपणापासून जें सहज पडतें, तें या मुलांस मिळवून द्यावें लागेल. परीक्षा दोघांस सारखीच. कानाची शिदोरी मात्र सारखी नाहीं.

सुदैवानें एक मोठी अडचण आतां दूर झाली आहे. ज्या आवाजाकरितां पूर्वीं साहेब, तबकडी किंवा ध्वनिफीत लागे, तो आवाज आज मोबाइलवर गांवोगांवीं येऊन पोचला आहे. उणीव आहे ती शाळेच्या वेळापत्रकांत ऐकण्यास जागा देण्याची आणि तें ऐकणें नीट करवून घेणाऱ्या शिक्षकाची. आठवड्यांतून दोन तास जरी पुस्तक मिटून इंग्रजी ऐकण्याकरितां राखून ठेवले, तरी दीडशें वर्षांचा उलटा क्रम सरळ होण्यास आरंभ होईल. ज्या भूमीनें अक्षरओळख नसलेल्या माणसासही वेदांत कानानें शिकविला, तेथील मुलांस परक्या भाषेचे चार संवाद ऐकून समजणें अशक्य आहे, असें म्हणण्यास इतिहासाचा आधार नाहीं.